मेहुण्याची पवनचक्की

हेल्बी गावात लाउस्ट ग्रावेसनला कुणी नावाने हाक मारत नसे. लहानथोर सगळे त्याला मिस्त्री म्हणत. नांगराचा फाळ मोडला की मिस्त्री, ट्रॅक्टरचा आस वाकला की मिस्त्री, चर्चच्या घंटेचा लोळा निखळला तरी मिस्त्रीच. बापाच्या मागे पंचवीस वर्षं त्याने लोहारकी सांभाळली होती. त्याचा हात फिरला नाही अशी लोखंडाची वस्तू गावात सापडली नसती. बोलायला कमी, चिडायला लवकर. पण कामात खोट काढायची कुणाची टाप नव्हती.

रस्त्याच्या पलीकडे त्याचा मेहुणा राहत होता. एवाल्ड युस्ट, सुतार. लाउस्टच्या बायकोचा, माग्दाचा, धाकटा भाऊ. हा गडी हसरा, बडबड्या, दहा कामं हातात घेऊन चार पुरी करणारा. गावातल्या निम्म्या खिडक्या त्याने केलेल्या, आणि त्यातल्या निम्म्या थंडीत धड बंद होत नसत. तरी लोकांना एवाल्ड आवडे. लाउस्टला हेच कोडं कधी सुटलं नाही. आपण केलेली बिजागरी चाळीस वर्षं टिकते, तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, ह्याची खिडकी करकरते, तर लोक हसून म्हणतात, "एवाल्डची आहे ना, गाणारच!"

असा मत्सर घरोघरी असतो. बहिणीच्या लग्नात, नाताळच्या जेवणात तो जरा वर डोकं काढतो आणि पुन्हा खाली बसतो. लाउस्टचाही तसाच बसून राहिला असता. पण १९७३ साल उजाडलं आणि मावळता मावळता तेल महाग करून गेलं.

त्या हिवाळ्यात रविवारी मोटारी चालवायला बंदी आली. शाळेतले निम्मे दिवे काढून ठेवले. लोक घरात ओव्हरकोट घालून जेवायला बसू लागले. सहकारी दुकानात रांगेत उभं राहिलं की एकच विषय: आता पुढे काय? कुणी म्हणे अणुवीज आणा, कुणी म्हणे दलदलीतलं पीट खणून जाळा, कुणी नुसतंच राजधानीतल्या मंत्र्यांना शिव्या देई.

अशाच एका रविवारी एवाल्ड कुठूनसा सायकल मारत आला, ती भट्टीच्या भिंतीला टेकवली आणि आत शिरत म्हणाला, "मेहुणे, आपण गाढव आहोत."

"तू तुझ्यापुरतं बोल," लाउस्ट म्हणाला.

"अरे, इथे वारा किती! गावातलं एक झाड सरळ उभं आहे का सांग. सगळी पूर्वेकडे वाकलीत. आणि आपण वाळवंटातनं तेल आणतो आणि त्यावर कॉफी उकळतो. मी पवनचक्की करतोय, विजेची. पाती माझी, आस नि गिअर तुझा. काय म्हणतोस?"

लाउस्टने हातातली सांडशी खाली ठेवली नाही. "माझ्या आज्याच्या काळात शेताशेतावर पवनचक्की होती. तारेतून वीज आली आणि सगळ्या भंगारात गेल्या. त्यातल्या सात मी ह्याच हातांनी तोडल्यात. खेळण्यांना वेळ नाही मला."

"खेळणं नाही रे..."

"मग शेजारच्या गावच्या लोहाराकडे जा. त्याला हौस आहे."

बोलणं तोडायला म्हणून तो बोलून गेला. पण एवाल्ड खरोखरच शेजारच्या गावी गेला.

दोन वर्षं त्याच्या परसात ठाकठूक चालली होती. भंगारातल्या ट्रकचा गिअरबॉक्स आला, बंद पडलेल्या डेअरीतली मोटर आली, रंध्याखाली लाकडाची तीन लांब पाती आकाराला आली. लाउस्ट भट्टीच्या काळपट काचेतून सगळं बघत होता आणि बघत नसल्यासारखं करत होता. मे महिन्यात एका शनिवारी चक्की उभी राहिली. सगळं गाव परसात जमलं. एवाल्डने ब्रेक सोडला, पाती सावकाश फिरू लागली, मग त्यांचा सूं सूं आवाज व्हायला लागला. गाव चक्कीकडे बघत होतं आणि दूधवाली गेर्डा, जिच्याकडे पन्नास गाई होत्या, ती घरात मीटरपाशी जाऊन उभी राहिली होती.

"अगं बाई!" ती आतून ओरडली. "उलटं फिरतंय! मीटर उलटं फिरतंय!"

लोक घरात घुसले. एकेक माणूस आळीपाळीने वाकून त्या चकतीकडे बघत होता, जणू पाळण्यातलं बाळ बघतोय. वीज कंपनीला ही चक्की वीज परत देत होती. लाउस्टही वाकला. मग बाहेर येऊन त्याने मनोऱ्याचं वेल्डिंग पाहिलं. "हा जोड कच्चा आहे," तो म्हणाला. कुणी ऐकलं नाही. पाववाल्याची बायको मात्र त्याच्याकडे वळून कौतुकाने म्हणाली, "मिस्त्री, ह्यातलं तुम्ही काय काय केलंत हो?"

"काही नाही."

खरं होतं ते. आणि खरं होतं म्हणूनच झोंबलं.

वर्तमानपत्रात फोटो आला. एवाल्ड टोपी मागे सारून हसतोय, मागे चक्की. माग्दाने तो कापून स्वयंपाकघरात चुलीशेजारच्या भिंतीवर लावला. लाउस्टने जेवायची खुर्ची बदलली, फोटोकडे पाठ येईल अशी. पण मग त्याला वाटायला लागलं की मेहुणा मागून आपल्या ताटात बघतोय.

"तिथे का बसतोस? वारा लागेल," माग्दा म्हणाली.

"लागू दे. वाऱ्याचे दिवस आहेत."

पुढे एवाल्डला मागण्या येऊ लागल्या. गेर्डाने आपल्या गोठ्यामागे त्याच्याकडून दुसरी, मोठी चक्की उभी करून घेतली. दाढीवाली, केस वाढवलेली शहरी पोरं तंबू घेऊन येत, त्याच्या परसात राहत, पाती घासत आणि रात्रंदिवस वाद घालत. इकडे भट्टीवरचं काम मात्र आटत चाललं होतं. घोडे केव्हाच गेले होते. आता नवी यंत्रं बिघडली तर कंपनीची माणसं गाडी घेऊन येत. एकदा एक चष्मेवाला विद्यार्थी भट्टीच्या दारात उभा राहिला. लाउस्टला वाटलं, काही काम घेऊन आला असेल. त्याने हात पुसले.

"पवनचक्कीवाल्यांचं घर कुठलं हो?" पोराने विचारलं.

लाउस्टने त्याला उलट्या दिशेला धाडलं. संध्याकाळी त्याची लाज वाटली, पण दिवसभर बरं वाटलं होतं.

चक्की करणारे लोक अधूनमधून एका शाळेच्या सभागृहात जमत. सुतार, लोहार, शेतकरी, एकदोन इंजिनियर. तिथली रीत अशी की प्रत्येकाने उभं राहून आपलं काय बिघडलं ते सगळ्यांना सांगायचं. कुणाचा गिअर फुटला, कुणाचं पातं चिरलं, का चिरलं. लपवाछपवी नाही. मग कॉफी आणि केक. १९७८च्या सप्टेंबरात माग्दा म्हणाली, "तूही चल की. एवाल्ड बोलणार आहे." लाउस्ट गेला. खरं सांगायचं तर मेहुण्याचं काय बिघडलं ते ऐकायला गेला.

तो मागच्या बाकावर बसला. एवाल्ड उभा राहिला, नेहमीसारखं चार माणसांना हसवलं, आणि मग एकदम गंभीर झाला. "मला एका गोष्टीची भीती वाटते," तो म्हणाला. "वादळात तारा तुटल्या तर? मोटरवरचा भार गेला की पात्यांना धरून ठेवणारं काही उरत नाही. मग सगळा भरवसा एका ब्रेकवर. तो तापून निकामी झाला, तर चक्की उधळली म्हणून समजा. ह्यावर उपाय काय, मला माहीत नाही. कुणाला माहीत आहे?"

इंजिनियरांनीसुद्धा नकारार्थी माना हलवल्या.

लाउस्टला माहीत होतं.

वयाच्या पंचविशीत तो दक्षिणेकडच्या एका बेटावर दोन महिने कामाला होता. तिथे एक म्हातारा इंजिनियर पवनचक्कीचे प्रयोग करत असे. त्याच्या पात्यांची टोकं वेगळी होती, एका दांड्यावर बसवलेली. चक्की प्रमाणाबाहेर जोरात फिरली की टोकं आपल्याच ओढीने बाहेर सरकत, आणि आत कापलेल्या तिरक्या आट्यांमुळे सरकता सरकता आडवी वळत. आडवी झालेली टोकंच वारा अडवून चक्कीला आवरत. ब्रेक नको, वीज नको, माणूस नको. त्यातला एक दांडा लाउस्टने स्वतः लेथवर कापला होता.

तो उभा राहू शकला असता. दोन वाक्यांचं काम होतं. पण त्याच्या मनात आलं, मी सांगणार आणि फोटो ह्याचा येणार. शिवाय आणखी काहीतरी होतं, सांगायला बरं नाही असं. आयुष्यात पहिल्यांदा एवाल्डला एक गोष्ट येत नव्हती आणि लाउस्टला येत होती. ते सुख त्याला इतक्यात सोडवेना. जिभेवर साखरेचा खडा धरावा तसा तो ते धरून बसला.

घरी येऊन त्याने कागदावर आठवणीतून चित्र काढलं, मापं घातली, आणि सवयीप्रमाणे कोपऱ्यात तारीख टाकली. दुसऱ्या दिवसापासून भट्टीच्या मागच्या खोलीत काम सुरू केलं. स्वतःची चक्की करायची. उशिरा, पण अशी की लोक म्हणतील, सुताराची ठीक आहे, पण मिस्त्रीची बघा! दोन महिन्यांत तीन टोकं तयार झाली. आटे असे कापले होते की बोटाने ढकललं तरी टोक वळावं. ताडपत्री टाकून ती झाकून ठेवली. रोज दहा वाजता एवाल्ड कॉफीला येई, ताडपत्रीपासून दहा पावलांवर बसून बडबडे, आणि लाउस्ट त्याच्या कपात कॉफी ओते.

नोव्हेंबरच्या अखेरीस पश्चिमेकडून वादळ आलं. भर दुपारी. माग्दाने नुकतं डुकराचं मांस आणि बटाटे वाढले होते, तेवढ्यात दिवा गेला. लाउस्ट बाहेर आला. वारा इतका की छपराची कौलं पत्त्यांसारखी उडत होती. अर्ध्या मैलावर गेर्डाच्या गोठ्यामागची चक्की दिसत होती. तिची पाती दिसेनाशी झाली होती. तिथे नुसती एक करडी तबकडी फिरत होती, आणि तिचा घोंघावता आवाज वादळातूनही येत होता.

त्या क्षणी लाउस्टला काय वाटलं ते त्याने पुढे बऱ्याच वर्षांनी माग्दाला सांगितलं. आनंद वाटला. एक श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ, पण वाटला.

मग त्याला मनोऱ्याच्या शिडीवर एक ठिपका दिसला आणि तो पळत सुटला. छप्पन्न वर्षांचा जाडजूड माणूस नांगरलेल्या शेतातून धडपडत पळाला. तो पोचला तेव्हा एवाल्ड निम्म्या शिडीवर होता. वर ब्रेकमधून धूर येत होता. हातात दोर घेऊन तो वर निघाला होता. पाती बांधायची होती म्हणे!

"उतर!" लाउस्टने बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली. "उतर मेल्या! काही होणार नाही त्याने! उतर!"

एवाल्डने खाली पाहिलं. काय ऐकू आलं त्याला देव जाणे. तो दोन पायऱ्या उतरला, आणि वर कडाडकन आवाज झाला. एक पातं सुटलं, गोठ्याच्या छपरात घुसलं आणि आतल्या दोन गाई जागीच ठार झाल्या. उरलेल्या दोन पात्यांनी मनोरा असा गदगदा हलवला की एवाल्ड पिकलं फळ गळावं तसा खाली आला. कमरेचं हाड मोडलं, डावा पाय दोन ठिकाणी मोडला. लाउस्टने गोठ्याचं दार उचकटलं, मेहुण्याला त्यावर घेतलं, आणि गेर्डाच्या मदतीने मनोऱ्यापासून दूर ओढलं. एवाल्ड शुद्धीवर होता. "गाई?" एवढंच त्याने विचारलं.

पुन्हा वर्तमानपत्रात फोटो आला. ह्या वेळी फुटक्या छपराचा. ह्या चक्क्या धोक्याच्या आहेत, बंद करा, असं लोक म्हणू लागले. तंबू गेले, दाढ्या गेल्या, मागण्या फिरल्या. लाउस्टला जे जे हवं होतं ते सगळं झालं, आणि त्याला अन्न गोड लागेना.

एकदा इस्पितळात एवाल्डला भेटून परत आल्यावर माग्दा नवऱ्याला शोधत भट्टीच्या मागच्या खोलीत गेली. लाउस्ट बाहेरून आला तर ती ताडपत्री बाजूला सारून उभी होती. हातात चित्राचा कागद.

"हे काय आहे, लाउस्ट?"

त्याने सांगितलं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. काय आहे, कसं वळतं, सगळं.

"म्हणजे हे असतं तर चक्की उधळली नसती?"

"नसती."

"ह्यावर तारीख आहे. तुझ्या हातची. सप्टेंबर." तिचा आवाज चढला नाही. "दोन महिने तू रोज त्याला कॉफी दिलीस."

तिने कागद जागच्या जागी ठेवला. आठवड्याने एवाल्डला घरी आणलं, तेव्हा तिने एक पिशवी भरली. "त्याला उठवत-बसवत नाही. मी तिकडे राहते."

"किती दिवस?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली.

तो हिवाळा लाउस्टने राय नावाच्या धान्याचा काळा पाव आणि खारवलेला हेरिंग मासा खाऊन काढला. दुपारी चारलाच अंधार पडे आणि पलीकडच्या स्वयंपाकघरात दिवा लागे. काचेतून दोन डोकी दिसत, भावाबहिणीची. कधीकधी माग्दा हसायची. आपल्या घरात ती असं शेवटचं कधी हसली होती, ते त्याला आठवेना. मेहुण्याने गाव घेतलं, नाव घेतलं, आता पाय मोडून बायकोही घेतली, असं त्याच्या मनात येई. आणि लगेच पुढचा विचार येई की पाय कुणामुळे मोडला. ह्या दोन विचारांच्या मध्ये तो जात्यात दाणा भरडावा तसा भरडला गेला.

मार्चमध्ये पुन्हा सभा होती. बहुतेक ही शेवटचीच, असं लोक बोलत होते. लाउस्टने एक टोक पोत्यात गुंडाळलं, सायकलला बांधलं आणि गेला. पुढच्या रांगेत एवाल्ड कुबड्या घेऊन बसला होता, शेजारी माग्दा. लाउस्ट सरळ पुढे गेला आणि टोक टेबलावर ठेवलं.

"मी बोलणारा माणूस नाही," तो म्हणाला. "सप्टेंबरात ह्याने तुम्हाला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर हे आहे. मला ते त्याच दिवशी येत होतं. मी मागे बसलो होतो आणि गप्प राहिलो."

"का?" कुणीतरी विचारलं.

लाउस्टने टोपी हातात चुरगळली. "बघवत नव्हतं म्हणून. ह्याचं बरं चाललेलं बघवत नव्हतं."

एवाल्डचा चेहरा पांढरा पडला. तो बोलला, पण ह्या वेळी त्याने कुणाला हसवलं नाही.

"अरे, तू सांगितलं असतंस तर मी तुझं नाव मनोऱ्यावर रंगवलं असतं. हातहात लांब अक्षरांत. मला काय फरक पडत होता त्याने?"

लाउस्टला हे कुठल्याही शिवीपेक्षा लागलं. वर्षानुवर्षं तो ज्याच्याशी शर्यत लावून धावत होता, तो माणूस धावतच नव्हता.

एवाल्ड कुबड्यांवर उठला, टेबलापाशी आला. बोटाने टोक ढकललं. ते सरकलं आणि अलगद आडवं वळलं. त्याने पुन्हा ढकललं. तिसऱ्यांदा ढकललं. मग लाउस्टकडे न बघता म्हणाला, "टोक आत धरून ठेवायला स्प्रिंग कितीची घातलीस?"

"अजून घातली नाही. मोजून घालावी लागेल."

"आणि पाणी शिरलं, गोठलं तर?"

"ग्रीसची सोय केलीय. इथून."

मग मागून खुर्च्या सरकल्या. लोक टेबलाभोवती गोळा झाले. कुणी कागद काढले, कुणी फूटपट्टी. एक शेतकरी म्हणाला, तीनही टोकं एकदम वळली नाहीत तर मनोरा हादरेल. त्यावर तासभर वाद झाला. तशीच युक्ती ह्या हिवाळ्यात दूरदूरच्या आणखी दोघाचौघांना सुचली होती, तेही बोलण्यात आलं. कॉफी तशीच गार झाली.

त्या उन्हाळ्यात गेर्डाने पुन्हा चक्की लावायला होकार दिला, एका अटीवर: मिस्त्रीने स्वतः टोकं बसवायची आणि पहिल्या वादळात स्वतः खाली उभं राहायचं. वादळ ऑक्टोबरात आलं. वीज कंपनीला सांगून तारा तोडल्या होत्या आणि ब्रेक मुद्दाम सोडला होता. लाउस्ट खाली उभा राहिला, आणि त्याच्याशेजारी एवाल्ड, काठी टेकत. पाती वेगात आली, आवाज चढत गेला. मग तीन टोकं एकदम आडवी झाली आणि एवढं मोठं धूड म्हाताऱ्या बैलासारखं हळूहळू थांबलं.

एवाल्डने त्याला माफ केलं का? तसं त्याने कधी म्हटलं नाही, आणि लाउस्टने विचारलं नाही. दहाच्या कॉफीला एवाल्ड वर्षभर आला नाही. माग्दा ईस्टरनंतर पिशवी घेऊन परत आली होती, पण पुष्कळ दिवस ती मोजकंच बोले. पुढे धंदा वाढला. भट्टीच्या जागी शेड झाली, तिथे सात माणसं नुसती टोकं करत. चित्रं कुलपात ठेवली नव्हती. मागेल त्याला मिळत.

आणि मत्सर? तो गेला असं म्हणणं खोटं होईल. लोक त्या चक्क्यांना एवाल्डच्या चक्क्या म्हणत ते म्हणतच राहिले. परदेशी पाहुणे आले की एवाल्डच्या गळ्यात पडत. एकदा एका फोटोवाल्याने लाउस्टला सांगितलं, "आजोबा, जरा बाजूला व्हाल? पाती झाकली जातायत." तो बाजूला झाला आणि तीन दिवस घरात कुणाशी बोलला नाही. फरक इतकाच पडला की आता काही सुचलं की तो त्याच दिवशी रस्ता ओलांडून सांगून टाकी, चरफडत, एखादं वाईट औषध गिळावं तसं.

एवाल्ड १९९४ साली झोपेत गेला. चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर रस्त्यापर्यंत लोक उभे होते, कुणी जर्मनीहून आले होते, कुणी स्पेनहून. लाउस्ट पहिल्या बाकावर माग्दाजवळ बसला होता. त्याचे डोळे ओले होते. तो खरोखर रडला होता. पण पहिलं स्तोत्र संपताच तो मान वळवून गर्दी न्याहाळू लागला. एकदा बघितलं, दोनदा बघितलं. मग माग्दाकडे झुकून कुजबुजला, "माझ्या वेळी इतके येतील का गं?"

माग्दाने रुमालाने नाक पुसलं. "गप बस, मेल्या," ती म्हणाली, आणि त्याचा हात घट्ट धरला.